उत्पन्न ८ लाख ६० हजार, मुलगी खुल्या प्रवर्गातली: इंजिनिअरिंगची फी कशी उभी करायची?

माहुलीकर, सातारा

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण आकडे मांडल्याशिवाय तुम्हाला सल्ला देता येणार नाही.

मुलीला एमएचटी-सीईटीला ९३ पर्सेंटाइल आहेत. कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या फेरीत पुण्यातलं एक खासगी विनाअनुदानित कॉलेज लागलंय, कॉम्प्युटरला. पहिली पसंती कराडच्या शासकीय कॉलेजचं आयटी होती, ते हुकलं. आता हजार रुपये सीट अ‍ॅक्सेप्टन्स भरून बेटरमेंट घेतलंय, म्हणजे ही जागा हातात ठेवून वरच्या पसंतीसाठी थांबायचं, आणि परवा संध्याकाळपर्यंत पुढच्या फेरीचा ऑप्शन फॉर्म भरायचाय. प्रश्न असा की कराडचं इलेक्ट्रिकल पुण्याच्या कॉम्प्युटरच्या वर टाकायचं की खाली? गेल्या वर्षीचा कटऑफ बघता ते मिळेल असं दिसतं. वर टाकलं आणि लागलं, की पुणं गेलं. पोरीला कॉम्प्युटर हवंय, तिने तसा अभ्यासही केलाय. अडचण पैशाची आहे, बाकी कशाची नाही.

मिस्टर एमआयडीसीतल्या कंपनीत स्टोअरला आहेत, मी एका पतसंस्थेत आहे. दोघांचं मिळून गेल्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न ८ लाख ६० हजार. पीएफ आणि बाकीची कपात जाऊन हातात महिना ६६ हजार येतात. त्यातून घराचा हप्ता १७,८००. किराणा, दूध, गॅस, वीज, पेट्रोल, मोबाइल मिळून २१ हजार. सासऱ्यांना शुगर आणि बीपी, त्यांची औषधं साडेचार हजार. धाकटा नववीत, त्याची शाळा आणि क्लास साडेपाच. विमा ३,२००. मुलीच्या सुकन्या खात्यात दीड हजार. उरतात साडेबारा हजार, आणि सणवार, दुखणीखुपणी, लग्नकार्याचे आहेर सगळं त्यातच.

पुण्याच्या कॉलेजची वर्षाची फी १ लाख ६८ हजार, त्यात ट्यूशन फी १ लाख ४८ हजार. होस्टेल आणि मेस धरून आणखी १ लाख १० हजार. म्हणजे २ लाख ७८ हजार, महिन्याला २३ हजारांच्या वर.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. ओळखीचा जो भेटतो तो म्हणतो, "मुलगी आहे ना, मग तुम्हाला कसली काळजी, मुलींचं शिक्षण मोफत झालंय." २०२४-२५ पासून शासनाने मुलींना ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ केली, हे खरंच आहे, आणि चांगलंच झालंय. पण ती ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसीतल्या मुलींना आहे, आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. आमच्याकडे ईडब्ल्यूएसचा दाखला निघत नाही, कारण तिथेही ८ लाख. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीची निम्मी फी, तिथे ८ लाख. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, ८ लाख. टीएफडब्ल्यूएसची, म्हणजे ट्यूशन फी माफीची सीट, ८ लाख. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेची मुलींसाठीची प्रगती शिष्यवृत्ती, तीही ८ लाख. एकाच रेषेवर सगळी दारं आहेत आणि आम्ही त्या रेषेच्या ६० हजार पलीकडे.

हे ६० हजार कुठून आले तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी आमचं उत्पन्न ७ लाख ९० हजार होतं. मुलीच्या अकरावी-बारावीच्या क्लासची फी भरायची म्हणून मिस्टरांनी रविवारी ओव्हरटाइम घेतला. नाइटला कोणी आलं नाही की हे थांबायचे. तो पगारात चढला आणि आम्ही रेषा ओलांडली. वर्षाला ७० हजार जास्त मिळाले, रेषेच्या वर ६० हजार गेलो, म्हणून वर्षाला १ लाख ४८ हजारांची माफी गेली. ज्यांना ती मिळते त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. आमच्याच गल्लीत भाजीच्या गाड्यावर घर चालवणाऱ्या बाईची मुलगी या योजनेमुळे शिकतेय आणि तिने शिकायलाच हवं. पण ८ लाखांवर सगळं आणि ८ लाख १ रुपयावर काहीच नाही, हे मला पटत नाही.

दाखल्याच्या चौकशीला गेले तेव्हा सेवा केंद्राबाहेर एकाने बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, साडेसातचा करून देतो, सगळे करतात." मी नाही म्हटलं. मुलीच्या चार वर्षांच्या शिक्षणाखाली खोटा कागद ठेवायचा नाही, यावर आम्ही दोघं ठाम आहोत, तेव्हा कृपया तो मार्ग सुचवू नका.

परवा रात्री मुलीची वही टेबलावर उघडी होती. पेन्सिलीने तीन रकाने पाडलेले, पुणे, कराड होस्टेल, कराड एसटीने जाऊन-येऊन. प्रत्येकाखाली खर्च. पुण्याच्या रकान्यात "लॅपटॉप ४८,०००" लिहून खोडलेलं आणि शेजारी "पहिलं वर्ष कॉलेजच्या लॅबमध्ये" असं बारीक अक्षरात. आम्ही तिला पैशाचं काही बोललो नव्हतो. अठरा वर्षांच्या मुलीने हा हिशोब मांडावा याचं मला फार वाईट वाटलं.

कर्ज काढायचं तर किती, कुठलं, आणि पुढे कसं फेडायचं? दागिने ठेवावेत का? की कराडच बरं? ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा.

---

शाखाधिकारी निवृत्त, कोल्हापूर

ताई, मी राष्ट्रीयीकृत बँकेत ३१ वर्षं काढली, शेवटची बरीच वर्षं कर्जविभागात. तुमचे आकडे घेऊन सांगतो.

पुण्याला चार वर्षांचे ११ लाख १२ हजार होतात. महिन्याचे साडेबारा हजार तुम्ही पूर्ण लावू शकलात, म्हणजे वर्षाला दीड लाख, तर चार वर्षांत ६ लाख. कमी पडतात ५ लाख १२ हजार. पण साडेबारातले दोन-तीन हजार तरी घरात राहू द्या, नाहीतर पहिल्याच आजारपणात गाडी अडेल.

शैक्षणिक कर्ज ४ लाखांपर्यंत तारण न घेता आणि स्वतःचा हिस्सा न मागता मिळतं. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राच्या पतहमी निधीचं संरक्षण आहे, त्यामुळे बँकेने तारण किंवा तिऱ्हाईत जामीनदार मागू नये. ४ लाखांच्या वर भारतातल्या शिक्षणासाठी ५ टक्के तुमचा हिस्सा लागतो. सहकर्जदार म्हणून आई किंवा वडील. शाखेत कोणी "एफडी ठेवा, मग बघू" म्हणाला तर अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून टाका आणि नकार असेल तर तो लेखी मागा. शैक्षणिक कर्जाचा अर्ज शाखेने आपल्या पातळीवर परस्पर फेटाळायचा नसतो, वरच्या कार्यालयाची संमती लागते. हे विचारलंत की बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे.

मंजुरी चारही वर्षांची एकदम घ्या, उचल मात्र वर्षाच्या वर्षाला. ५ लाख कर्ज धरा, दर वर्षी सव्वा लाख उचल, व्याज १० टक्के. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. पाच वर्षांत ते सरळव्याजाने १ लाख ७५ हजार होतं. ते साठू दिलंत तर पाचव्या वर्षाअखेर ६ लाख ७५ हजार उभे राहतात आणि दहा वर्षांचा हप्ता ८,९०० च्या आसपास बसतो. तेच व्याज दर महिन्याला भरत गेलात, पहिल्या वर्षी महिना हजार-अकराशे, दुसऱ्या वर्षी दोन हजार, तिसऱ्या वर्षी तीन, मग चार हजार, तर पुढे हप्ता फक्त ५ लाखांवर, ६,६०० च्या जवळ. बऱ्याच बँका असं व्याज भरणाऱ्याला त्या काळात एक टक्का सूटही देतात. साडेबारा हजारांतला पहिला हक्क या व्याजाला द्या.

पीएम विद्यालक्ष्मी योजनेबद्दल ऐकलं असेल. यादीतल्या संस्थांसाठी ते विनातारण कर्ज मिळायला उत्पन्नाची अट नाही, मात्र व्याजातली ३ टक्के सवलत पुन्हा ८ लाखांपर्यंतच. तुमचं कॉलेज यादीत आहे का ते पोर्टलवर बघून घ्या.

कोणी शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर ८०ई खाली करसवलत मिळेल असं सांगितलं तर त्यावर हिशोब बांधू नका. ती जुन्या करप्रणालीतच आहे, आणि तुमच्या उत्पन्नाला नव्या प्रणालीत तसाही कर लागत नाही.

दागिने आत्ता ठेवू नका. सोनेतारणाची मुदत सहसा वर्षाची, दर वर्षी नूतनीकरण आणि व्याज. कर्ज मंजूर व्हायला उशीर झाला आणि प्रवेशाची तारीख गाठायची असली तर महिना-दोन महिन्यांपुरतं ठीक. घरकर्जावर टॉपअप मिळालं तर व्याज कमी पडेल, पण त्याचा हप्ता लगेच सुरू होतो आणि तुमच्याकडे आत्ताच जागा नाही. पर्सनल लोन मात्र अजिबात नको.

आणि सुकन्या खातं आहे ना? मुलगी अठराची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी मागच्या आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. प्रवेशाचं पत्र आणि फीची पावती लागते. २०१५ पासून दीड हजार भरत असाल तर खात्यात तीन लाखांच्या थोडं आत रक्कम असेल. निम्मे म्हणजे पहिल्या वर्षाचा मोठा भार तिथेच हलका होतो. उरलेलं खातं चालू ठेवा.

---

इलेक्ट्रिकलवाली, कराड बॅच

ताई, मी कराडच्या शासकीय कॉलेजची, इलेक्ट्रिकल. वडील माध्यमिक शाळेत शिक्षक, आई घरी, त्यामुळे रेषेच्या पलीकडे आम्हीही होतो.

आधी सरळ सांगते. तुमच्या मुलीला मशीन्स, पॉवर सिस्टिम यांची मुळीच आवड नसेल तर चार वर्षं जड जातात. दुसऱ्या वर्षी ब्रँच बदलून मिळेल या भरवशावर जाऊ नका. जागा रिकामी असेल तरच मिळते आणि आयटीची जागा रिकामी राहत नाही.

पण "इलेक्ट्रिकल म्हणजे कोडिंग संपलं" असं ती समजत असेल तर तसं नाही. एआयसीटीईच्या रचनेत मुख्य शाखेबरोबर १८ ते २० जादा क्रेडिट घेऊन दुसऱ्या शाखेतलं मायनर, म्हणजे जोडअभ्यास, करता येतं. माझ्या मैत्रिणीने तसं केलं. मी स्वतः आज चार्जर आणि इन्व्हर्टरच्या कंट्रोल सॉफ्टवेअरवर काम करते, दिवसभर कोडच लिहिते, पण आतला सर्किटचा भाग कळतो म्हणून ते काम माझ्याकडे आलं. महापारेषण, महावितरणच्या परीक्षांमध्ये इंजिनिअरच्या बहुतेक जागांना तर इलेक्ट्रिकलच लागतं. गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा देऊन पुढे जाणाऱ्याही होत्या. कॅम्पसला सॉफ्टवेअरच्या काही कंपन्या सगळ्या ब्रँचना बसू देतात, काही देत नाहीत. हे तिला आत्ताच माहीत असू दे.

साताऱ्याहून जाऊन-येऊन करायचा विचार असेल तर अंतर ५० किलोमीटरच्या आसपास आहे, पण घरापासून स्टँड, स्टँडवरून कराड, तिथून विद्यानगर असं धरलं तर एका बाजूला दीड-पावणेदोन तास जातात. एसटीचा विद्यार्थी पास स्वस्त आहे, तिकिटाच्या एक तृतीयांशात बसतो. पैसा वाचतो, पण पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्स आणि सबमिशन संपवून संध्याकाळची गाडी पकडायची, घरी पोचून जेवायचं आणि झोपायचं, एवढंच उरतं. पहिलं वर्ष तरी वसतिगृहात राहू द्या. आमच्या वेळी मेस मुलीच चालवायच्या, महिन्याचा खर्च स्वतः लिहायच्या, त्यामुळे तो बाहेरच्यापेक्षा बराच कमी यायचा.

तिला माझ्याशी बोलायचं असेल तर इथे निरोप टाकायला सांगा. तुम्ही नाही, ती.

---

लातूरचा पालक

मुलगा पुण्यात खासगीत तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही दोघं पती-पत्नी नोकरीत, तेव्हा शिष्यवृत्ती नाहीच.

ताई, १ लाख ६८ हजार हा आकडा कुठून घेतलाय? कॉलेजच्या माहितीपत्रकातून असेल तर शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्याच कॉलेजची मंजूर फी बघा. ट्यूशन आणि विकास शुल्क वेगळं दिलेलं असतं. २०१५ च्या कायद्याने ती मर्यादा ठरते आणि त्याच्या वर कॉलेजला घेता येत नाही. आमच्याकडे प्रवेशाच्या दिवशी टेबलावर आणखी एक चिठ्ठी पुढे केली, युनिफॉर्म, ट्रेनिंग, अमुक किट. मी विचारलं की हे मंजूर फीत आहे का, पावतीवर काय लिहिणार? त्यातलं निम्मं ऐच्छिक निघालं. पावती घेतल्याशिवाय रुपया देऊ नका. पुढच्या वर्षांची फी आगाऊ मागितली तर स्पष्ट नाही म्हणा, एका वर्षापलीकडची घेता येत नाही. मूळ कागदपत्रंही तपासून परत घ्यायची, ठेवून घ्यायचा अधिकार त्यांना नाही.

फीचे हप्ते मागता येतात. आम्ही प्राचार्यांच्या नावाने अर्ज दिला, पगाराची स्लिप जोडली, तीन हप्ते मिळाले. कोणी आपणहून सांगत नाही, मागावं लागतं.

होस्टेल सक्तीचं आहे का तेही लेखी विचारा. आमच्या मुलाने दुसऱ्या वर्षी कॉलेजचं होस्टेल सोडून तिघांत खोली घेतली आणि डबा लावला, वर्षाला ३५ हजार वाचले. मुलीच्या बाबतीत सुरक्षिततेचा विचार वेगळा, ते तुम्ही ठरवा. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीची वसतिगृहं आहेत, मुलींचीही. तिथे ग्रामीण भागातल्या गरजू मुलांना आधी घेतात, मुलाखत असते, अर्ज लवकर करावा लागतो. चौकशी करायला काय हरकत आहे?

एक गोष्ट तुमच्या हिशोबात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी इंटर्नशिप, प्रोजेक्ट, परीक्षेचे अर्ज, जाण्यायेण्याचा खर्च, असे वर्षाला १५-२० हजार आमचे जातात. लॅपटॉपशिवाय कॉम्प्युटर ब्रँचला फार तर पहिलं वर्ष निघेल, पुढे नाही.

---

फ्री सीट १९९६

सगळ्यांनी व्यवहाराचं लिहिलंय, मी जरा मागचं लिहितो, कारण माहुलीकर ताईंनी जो मुद्दा काढलाय तो मला जवळचा आहे.

१९८३ साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. तोपर्यंत इंजिनिअर व्हायचं तर मोजकी सरकारी-अनुदानित कॉलेजं, नाहीतर कर्नाटकात जाऊन देणगी. नव्या कॉलेजांमुळे जागा वाढल्या. देणग्यांचा बाजारही वाढला, म्हणून १९८७ ला कॅपिटेशन फीविरोधी कायदा आला. मग १९९३ ला सर्वोच्च न्यायालयाचा उन्नीकृष्णन खटल्यातला निकाल. त्याने खासगी व्यावसायिक कॉलेजातल्या निम्म्या जागा फ्री सीट केल्या, गुणवत्तेवर, सरकारी कॉलेजइतक्या फीत. उरलेल्या निम्म्या जास्त फीच्या पेमेंट सीट.

मी १९९६ ला त्यातल्या एका फ्री सीटवर बसलो. वडील साखर कारखान्यात टाइमकीपर होते. गरीब म्हणावं असं घर नव्हतं, पण पेमेंट सीट झेपली नसती. माझ्या वर्गात अशी बरीच मुलं होती, ग्रामसेवकाची, कंडक्टरची, हायस्कूलच्या मास्तरांची. उत्पन्नाचा दाखला कोणी मागितला नाही, मार्क होते म्हणून जागा होती.

२००२ ला टी. एम. ए. पै खटल्यात ती रचना गेली, कारण एका विद्यार्थ्याचा भार दुसऱ्याने का उचलायचा, हा प्रश्न होता, आणि तो चुकीचा नव्हता. २००५ च्या इनामदार निकालाने ते आणखी पक्कं झालं. भार शासनाने उचलावा असं ठरलं आणि शासनाने तो उत्पन्नाच्या दाखल्यावर उचलला. जो दाखल्यात बसला त्याला मदत मिळाली. ग्रामसेवक, कंडक्टर आणि मास्तरांची मुलं वाऱ्यावर राहिली.

ओबीसींच्या नॉन-क्रिमीलेअरची ८ लाखांची मर्यादा २०१७ ची, ईडब्ल्यूएसची २०१९ ची. तेव्हा ८ लाख पगार म्हणजे बऱ्यापैकी वरचा. आज दोन साधे पगार एकत्र केले की तो आकडा होतो. रक्कम वाढवायला हवी हे खरंच, पण वाढवून १० केली तरी १० लाख ६० हजारवाली आई पुढच्या वर्षी हाच प्रश्न विचारेल. रेषेच्या जागी उतार हवा. ८ पर्यंत पूर्ण माफी, १० पर्यंत निम्मी, १२ पर्यंत पाव. आयकरात हे आहे. १२ लाखांच्या वर थोडंसं उत्पन्न गेलं तर वरच्या रकमेपेक्षा जास्त कर लागत नाही, त्याला मार्जिनल रिलीफ म्हणतात. कर घेताना शासनाला हे सुचतं, मग फी माफ करताना का सुचू नये? ताईंच्या घरी रेषेपेक्षा ६० हजार जास्त आले आणि १ लाख ४८ हजार गेले. आयकरात असं झालं असतं तर देशभर ओरड झाली असती.

मी गेल्या वर्षी आमदारांना आणि तंत्रशिक्षण संचालनालयाला हे पत्राने कळवलं. पोच आली. तुम्ही सगळ्यांनी आपापल्या आकड्यांसकट लिहावं. नुसती "मर्यादा वाढवा" अशी पत्रं रोज जातात. ओव्हरटाइममुळे माफी गेली, असं आकडे घालून लिहिलेलं पत्र वेगळं वाचलं जाईल.

---

माहुलीकर, सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर आम्ही तिघं बसलो, सासरेही येऊन बसले. शाखाधिकारी काकांचा हिशोब मुलीने मोठ्याने वाचला. सुकन्याचं पासबुक काढलं, शिल्लक २ लाख ९१ हजार निघाली. काकांचा अंदाज बरोबर होता.

प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर फी तपासली. कॉलेजच्या कागदावरची आणि तिथली सारखीच आहे, म्हणजे आमच्या कॉलेजने काही वाढवून सांगितलेलं नाही. पण तपासता येतं हेच माहीत नव्हतं.

इलेक्ट्रिकलवाली ताईशी मुलगी तासभर बोलली. मी खोलीत गेले नाही. बाहेर आली तेव्हा तिने मला जे विचारलं त्याने मी जरा थबकले. म्हणाली, "आई, तुम्ही पैशाचं बाजूला ठेवलंत तर मी पुण्याचं कॉम्प्युटर घेईन. पण पैसे आहेत तेवढेच आहेत. पाच लाखांचं कर्ज माझ्या नावावर, घराचा हप्ता तुमच्या नावावर, आणि तीन वर्षांनी दादू बारावीला. त्याला काय उरेल?" धाकट्याला ती दादू म्हणते. मिस्टर म्हणाले, त्याचं आम्ही बघू, तू तुझं बघ. ती म्हणाली, माझंच बघतेय.

मिस्टरांचं मत शेवटपर्यंत पुण्याचंच होतं. मुलीला जे हवं ते द्यायचं म्हणून तर रविवार घालवले, असं त्यांचं म्हणणं. ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण निर्णय तिचाच ठेवायचा असं ठरलं आणि तो तिने घेतला. ऑप्शन फॉर्ममध्ये पहिलं कराड आयटी, दुसरं कराड ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन), तिसरं कराड इलेक्ट्रिकल, चौथं पुण्याचं कॉम्प्युटर. कराड लागलं तर वसतिगृह धरूनही साडेबारा हजारांत बसतं, आणि सुकन्याचा हात लावायचा तो लॅपटॉपपुरता. तो पहिल्याच वर्षी घ्यायचा, हे मात्र मी ठरवलंय. पुणंच राहिलं तर काकांनी सांगितलं तसं कर्ज, मंजुरी चार वर्षांची, व्याज महिन्याच्या महिन्याला. त्यासाठी सोमवारी बँकेत कागद देऊन ठेवतेय, फेरीचा निकाल लागेपर्यंत थांबत नाही.

फ्री सीट दादा, पत्र मी लिहितेय. मिस्टरांच्या दोन वर्षांच्या पगारपत्रकांच्या प्रती जोडणार आहे, ओव्हरटाइमच्या ओळीला खूण करून. मसुदा इथे टाकते, तुम्ही बघून द्याल का? आमच्या पतसंस्थेतल्या आणखी दोघी लिहायला तयार आहेत, एकीचा मुलगा फार्मसीला आहे, एकीची मुलगी आर्किटेक्चरला. दोघीही ८ च्या जरा वर.

आणि इलेक्ट्रिकलवाली, एकच विचारायचं राहिलं. कराडच्या मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबरच भरायचा असतो का नंतर? जागा कशा मिळतात?

---

इलेक्ट्रिकलवाली, कराड बॅच

आमच्या वेळी प्रवेश पक्का झाल्यावर वेगळा अर्ज होता आणि जागा गुणांवर भरायचे. रिपोर्टिंगला जाल तेव्हाच विचारा आणि त्याच दिवशी भरून या, पुढच्या फेरीची वाट बघत घरी परत येऊ नका. पासपोर्ट फोटो आणि आधारच्या प्रती जास्तीच्या न्या, झेरॉक्सला मोठी रांग असते. लागलं की तिला मला कळवायला सांगा.

---

फ्री सीट १९९६

टाका मसुदा. रविवारी निवांत आहे, ओळ न् ओळ बघून देतो.